विजेने चुंबक उलटा कसा करतात?

"बंद केला तरी काही न विसरणारी मेमरी", "विजेने चुंबकाची दिशा पालटली", "स्पिनट्रॉनिक्समध्ये मोठी झेप"... अशा हेडलाइनच्या बातम्या अधूनमधून येत असतात, आणि वाचून झाल्यावर नेमकं काय पालटलं, कशाने पालटलं आणि त्यात एवढं काय, ते काही कळत नाही. शाळेतलं फिजिक्स थोडंफार आठवत असेल तर उलट एक शंकाच येते. खिळ्याला तार गुंडाळून सेल जोडला की खिळा चुंबक होतो, सेल उलटा लावला की ध्रुवही उलटे होतात. तारेतल्या करंटमुळे होकायंत्राची सुई हलते हे ऑर्स्टेडने १८२० मध्येच दाखवलं होतं. मग दोनशे वर्षांनी ह्यात नवीन ते काय?

नवीन हे, की आता मधलं चुंबकीय क्षेत्र वगळलंय. खिळ्याच्या प्रयोगात वीज क्षेत्र तयार करते आणि ते क्षेत्र चुंबक फिरवतं, म्हणजे कामाचा माणूस दुसराच असतो. इथे इलेक्ट्रॉन स्वतः चुंबकाच्या आत शिरतात आणि त्याला धरून वळवतात.

आधी बिट म्हणजे काय ते बघू

लोखंडासारख्या पदार्थात प्रत्येक अणू हा एक बारकासा चुंबक असतो आणि शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहायला बघतात. ह्या सगळ्यांची मिळून जी दिशा होते तिला मॅग्नेटायझेशन म्हणतात. मी पुढे नुसतं 'बाण' म्हणणार आहे, कारण तो शब्द सारखा सारखा टाइप करायचा कंटाळा येतो आणि वाचणाऱ्यालाही येत असणार. बाण वर असला तर १, खाली असला तर ०, झाली मेमरी. बाणाला तसं उभं राहायला वीज लागत नाही, म्हणून करंट गेला तरी माहिती जात नाही.

आत्ताच्या कॉम्प्युटरची रॅम अशी नाहीये. तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे चार्ज साठवणारी एक बारीक टाकी, आणि ती गळकी आहे, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक टाकी पुन्हा भरावी लागते, तुम्ही काही करत असा नाहीतर नुसते स्क्रीनकडे बघत बसलेले असा. चुंबकाला ही कटकट नाही.

चुंबकावरची मेमरी तशी जुनीच आहे. १९५० आणि ६० च्या दशकातल्या कॉम्प्युटरमध्ये फेराइटच्या बारीक बारीक कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असायच्या, एक कडी म्हणजे एक बिट. आडव्या तारेत अर्धा करंट, उभ्या तारेत अर्धा, आणि दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तेवढी एकच कडी उलटी व्हायची.

मग तसंच छोटं करून का नाही बनवत?

बनवलंय की. फ्रीस्केल कंपनीने २००६ मध्ये ४ मेगाबिटची चुंबकी चिप बाजारात आणली ती ह्याच पद्धतीची, म्हणजे बिटच्या जवळून तार न्यायची आणि तिच्या क्षेत्राने बाण फिरवायचा. ह्या जातीच्या मेमरीला एमरॅम म्हणतात.

अडचण ही की क्षेत्र कुंपण मानत नाही. एका बिटसाठी सोडलेलं क्षेत्र शेजारच्यालाही लागतं आणि बिट जितके जवळ जवळ आणाल तितकं जास्त लागतं. त्यात भर म्हणजे बिट लहान केला की त्याचा बाण टिकवायला पदार्थ जास्त हट्टी घ्यावा लागतो, हट्टी पदार्थ फिरवायला मोठं क्षेत्र लागतं, मोठ्या क्षेत्राला मोठा करंट लागतो, आणि तार मात्र बारीक होत चाललेली. म्हणजे लहान करायला जावं तर खर्च वाढतो, जे चिपच्या धंद्यात बरोबर उलटं असायला हवं. ही वाट तिथेच संपली म्हणायची.

चुंबकत्व म्हणजे एक प्रकारचं फिरणंच

पुढचं समजायला एक जुना प्रयोग फार उपयोगी आहे. १९१५ मध्ये आइन्स्टाइन आणि डी हास ह्या दोघांनी लोखंडाची एक कांडी बारीक धाग्याला टांगली, भोवती तारेचं वेटोळं ठेवलं आणि करंट उलटसुलट करून कांडीचा बाण वर-खाली केला. बाण उलटला की कांडी स्वतःभोवती किंचित पिळली जायची! कोणी हात लावला नाही, फक्त आतला बाण फिरला, आणि अख्खी कांडी वळली. (त्यांना मिळालेला आकडा पुढे दुपटीने चुकलेला निघाला. आइन्स्टाइनचंही चुकतं म्हणजे.)

ह्याचा अर्थ असा की बाणाच्या पोटात फिरण्याचा साठा असतो, फिजिक्समध्ये त्याला कोनीय संवेग म्हणतात. त्याचा हिशोब पैशासारखा चोख असतो, इकडून कमी झाला तर तिकडे वाढलाच पाहिजे. बाण उलटला म्हणजे साठा बदलला, तो कुठेतरी जायला हवा, तो कांडीत गेला.

हा साठा येतो मुख्यतः इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून. स्पिन म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनकडे जन्मजात असलेला फिरण्याचा ठराविक वाटा. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर गरगरत नसतो, पण हिशोब तसाच लागतो. आपण कुठल्याही एका रेषेत मोजायला गेलो की तो त्या रेषेत दोनच प्रकारचा सापडतो, उभ्या रेषेत मोजला तर 'वर' किंवा 'खाली'. साध्या तारेतल्या करंटमध्ये दोन्ही सारखेच मिसळलेले असतात, म्हणून एरवी ह्याचा पत्ताच लागत नाही. ह्या स्पिनचा वापर करणाऱ्या तंत्रालाच स्पिनट्रॉनिक्स म्हणतात.

आता प्रश्न उलटा करून विचारा. बाण फिरवल्यावर साठा बाहेर जातो, तर बाहेरून साठा आत ओतला तर बाण फिरेल का?

दोन दारं आणि पिशव्या

फिरतो. पण आधी एकाच प्रकारच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगळे काढायला हवेत, आणि ते काम चुंबकाचा पातळ थर आपोआप करतो. अशी कल्पना करा की एका अरुंद दारातून गर्दी चाललीये, निम्म्यांच्या उजव्या खांद्याला पिशवी आहे, निम्म्यांच्या डाव्या. दाराची घडणच अशी आहे की उजव्या पिशवीवाले सहज जातात आणि डावीवाले अडकतात. चुंबकी थर हे तसलं दार. बाण ज्या दिशेला, त्या स्पिनचे इलेक्ट्रॉन सहज पार होतात, बाकीचे धडपडतात.

आता पुढे दुसरं दार लावा. तेही उजव्या पिशवीचंच असेल तर निम्मी गर्दी सुसाट निघून जाते. ते डाव्या पिशवीचं असेल तर पहिल्या दाराने एकांना अडवलं, दुसऱ्याने उरलेल्यांना, सगळेच अडकले. विजेच्या भाषेत, दोन्ही बाण एकाच दिशेला तर रोध कमी, विरुद्ध दिशेला तर रोध जास्त. बिट वाचायचा तो असा, थोडा करंट सोडायचा आणि किती अडथळा लागतो ते बघायचं. हा परिणाम १९८८ मध्ये अल्बेअर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग ह्यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत शोधला आणि २००७ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. हार्डडिस्कच्या वाचणाऱ्या टोकात तो १९९० च्या दशकातच आला होता. आजच्या एमरॅममध्ये दोन चुंबकी थरांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा साधारण १ नॅनोमीटरचा पडदा असतो आणि इलेक्ट्रॉन तो भेदून पलीकडे जातात, त्याने फरक आणखी ठळक होतो.

हे झालं वाचणं. लिहिण्याची आयडिया १९९६ मध्ये आली, आयबीएममधले जॉन स्लॉन्चेव्हस्की आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुक बर्जर, दोघांनी स्वतंत्रपणे कागदावर मांडली. पहिलं दार घट्ट बसवलेलं, त्याचा बाण हलत नाही. दुसरं सैल, त्याचा बाण फिरू शकतो. पहिल्या दारातून गाळून आलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्यात शिरताना आपली दिशा त्या थराशी जुळवून घेतात. पण दिशा बदलली म्हणजे साठा बदलला, आणि हिशोब चोख! इलेक्ट्रॉनने सोडलं ते थराला मिळालं. दार माणसाला वळवतं, तशी माणसंही दाराला ढकलतात. आणि थर पुरेसा पातळ असेल आणि गर्दी पुरेशी असेल तर दारच फिरतं. ह्याला स्पिन ट्रान्सफर टॉर्क म्हणतात. करंट उलट्या दिशेने सोडला तर बाणही उलटा होतो, म्हणजे ० आणि १ दोन्ही लिहिता येतात, आणि शेजारच्या बिटला धक्कासुद्धा लागत नाही कारण करंट फक्त ह्याच बिटच्या, म्हणजे एकावर एक थर रचून केलेल्या बारीक खांबातून गेलेला असतो.

आकडे घालून बघू

हे मला नेहमी हवेतलं वाटायचं, हिशोब केल्यावर पटलं. जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये ४० नॅनोमीटर व्यासाचा बिट बनवला होता, कोबाल्ट-लोह-बोरॉनचे थर आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड. तो उलटवायला सुमारे ४९ मायक्रोअँपिअर करंट लागला. सैल थराची जाडी साधारण १.३ नॅनोमीटर धरली तर त्यात अणू येतात सव्वा ते दीड लाख. आणि हा करंट समजा १० नॅनोसेकंद सोडला तर तेवढ्यात खांबातून ३० लाख इलेक्ट्रॉन जातात. म्हणजे एका अणूमागे वीसेक इलेक्ट्रॉन. सगळे काही कामाचे नसतात, गाळणी पक्की नसते, शिवाय थराच्या आतलं घर्षणही बाणाला परत जागेवर ओढत असतं, पण आकडे एका मापात बसतात हे बघून बरं वाटतं.

मायक्रोअँपिअर ऐकून करंट किरकोळ वाटेल, पण तो जातोय किती बारीक खांबातून ते बघा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर जातात असं धरलं, तर त्या मानाने ह्या खांबात तेवढ्याच जागेतून जवळजवळ सहा हजार पट करंट चाललेला असतो. तार असती तर कधीच वितळली असती. इथे निभतं ते खांब अगदी बुटका आहे आणि करंट काही नॅनोसेकंदच वाहतो म्हणून.

अजून एक गंमत. बाण झटकन उलटत नाही, तो झोक्यासारखा आधी थोडा डोलतो, प्रत्येक फेरीला थोडा जास्त, आणि मग पलटतो. पण बाण अगदी सरळ उभा असेल तर येणाऱ्या इलेक्ट्रॉनची दिशाही त्याच रेषेत असते, मग ढकलणार कुठून? सुरुवातीला ढकलायला उष्णतेने झालेली थोडी थरथर लागतेच. ती थरथर कधी पुरेशी असते कधी नसते, त्यामुळे तेवढाच करंट देऊनही क्वचित एखादा बिट लिहिलाच जात नाही आणि इंजिनिअर लोकांना तपासून पुन्हा लिहिण्याची सोय ठेवावी लागते.

टिकायला हवा आणि फिरायलाही हवा

माझ्या मते ह्या विषयातली खरी ओढाताण इथे आहे आणि बातम्यांमध्ये नेमकी हीच येत नाही.

'वर' आणि 'खाली' ह्या दोन जागांच्या मध्ये एक टेकडी आहे असं समजा. खोलीच्या उष्णतेमुळे बाण सतत थरथरत असतो आणि कधीतरी चुकून टेकडी ओलांडतो, म्हणजे माहिती बिघडली. टेकडीची उंची उष्णतेच्या थरथरीच्या किती पट आहे ह्यावर सगळं अवलंबून. २० पट असेल तर बिट सरासरी अर्धा सेकंद टिकतो. ४० पट केली तर सात वर्षं. ६० पट केली तर ३६० कोटी वर्षं! उंची तिप्पट आणि आयुष्य असं.

सात वर्षं पुरे की, असं वाटतं ना? पण चिपवर १०० कोटी बिट असतात. प्रत्येक सरासरी सात वर्षं टिकला तरी कुठला ना कुठला बिट दर पाव सेकंदाला उलटत असणार. म्हणून ६० च्या आसपास जावंच लागतं. आणि टेकडी उंच केली की ती मुद्दाम ओलांडायला लागणारा करंटही त्याच प्रमाणात वाढतो.

आधीच्या डिझाइनमध्ये बाण थरात आडवा झोपलेला असायचा आणि त्यात आणखी एक तोटा होता, उष्णतेला सोपी खिंड मिळायची आणि करंटला मात्र जास्त उंच वाटेने चढावं लागायचं, कारण आडवा बाण डोलताना थराच्या बाहेर उठतो आणि पातळ थराला ते अजिबात सोसत नाही. बाण मुळातच उभा ठेवला तर दोघांना एकच टेकडी. २०१० च्या त्या प्रयोगाचं महत्त्व ह्यात आहे. कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि ऑक्साइड जिथे भेटतात त्या सीमेवरचे अणूच बाणाला उभं धरतात, थर दीडेक नॅनोमीटरपेक्षा जाड केला की तो पुन्हा आडवा पडतो.

बाजूने ढकलायची पद्धत

खांबातून एवढा करंट सारखा नेला की मधला ऑक्साइडचा पडदा झिजतो. म्हणून दुसरी युक्ती निघाली. चुंबकी थराच्या खाली प्लॅटिनम, टँटलम किंवा टंगस्टन असल्या जड धातूची पट्टी ठेवायची आणि करंट फक्त त्या पट्टीतून, आडवा न्यायचा. जड धातूत एका स्पिनचे इलेक्ट्रॉन एका बाजूला वळतात आणि दुसऱ्या स्पिनचे विरुद्ध बाजूला, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारचे जमा होतात आणि तिथून चुंबकात झिरपतात. असं होईल हे द्याकोनोव आणि पेरेल ह्यांनी १९७१ मध्येच सांगितलं होतं, चुंबक उलटवायला त्याचा वापर २०११-१२ च्या सुमारास ग्रनोब्ल आणि कॉर्नेलच्या गटांनी दाखवला. ह्याचं नाव स्पिन ऑर्बिट टॉर्क.

पडदा वाचतो, वेगही मिळतो. पण ह्या इलेक्ट्रॉनचे स्पिन आडवे असतात, त्यामुळे उभ्या बाणाला ते आडवा पाडतात आणि तिथेच सोडून देतात. करंट बंद झाल्यावर बाण वर जाईल की खाली, हे नाणं कडेवर उभं केल्यासारखं. कुठल्या तरी एका बाजूला जरासा कल द्यावा लागतो, आणि तो बरेचदा बाहेरून चुंबक लावून देतात, म्हणजे ज्याला टाळायला निघालो तोच मागच्या दाराने परत आला. तो कल थरांच्या रचनेतूनच मिळावा म्हणून भरपूर लोक डोकं लावून बसलेत. शिवाय वाचायची वाट वेगळी आणि लिहायची वेगळी, म्हणून प्रत्येक बिटला साधारण दोन ट्रान्झिस्टर लागतात आणि चिपवर जागा जास्त जाते.

करंटच नको, नुसतं व्होल्टेज

करंट म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज. मग करंट न वाहू देता फक्त व्होल्टेजने जमेल का?

धातूच्या बाबतीत हे ऐकायलाच विचित्र वाटतं, कारण विजेचं क्षेत्र धातूच्या आत शिरतच नाही, पहिल्या एखाद्या अणूच्या थरातच विरून जातं. पण सगळा चुंबकच पाच-सहा अणूंच्या जाडीचा असेल तर? मग पृष्ठभाग हाच बऱ्यापैकी अख्खा चुंबक झाला. वर सांगितलं तसं बाणाला उभं धरणारेही सीमेवरचेच अणू, आणि व्होल्टेजने नेमके तिथलेच इलेक्ट्रॉन थोडे इकडेतिकडे होतात, म्हणजे टेकडीची उंची बदलता येते. २००९ मध्ये जपानमध्येच लोखंड आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थरांवर हे दाखवलं गेलं. "एवढे पातळ थर कशाला?" ह्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला इथे मिळालं.

इथली खोड वेगळीच. टेकडी क्षणभर सपाट झाली की बाण गोल फिरायला लागतो, आणि तो बरोबर अर्ध्या फेरीवर असताना टेकडी परत उभी करावी लागते. नॅनोसेकंदापेक्षाही कमी वेळाचं गणित, थोडं चुकलं की बाण पूर्ण फेरी मारून होता तिथेच. वर पुन्हा तोच पल्स ० चा १ करतो आणि १ चा ० पण करतो, त्यामुळे आधी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय लिहिता येत नाही.

शेजारी चुंबक ठेवला तर सगळं पुसेल?

साध्या चुंबकाने नाही, कारण उभे बाण फार हट्टी असतात. खूप जोरदार चुंबक अगदी चिकटवून ठेवला तर मात्र धोका असतो, म्हणून चिप बनवणारे किती क्षेत्रापर्यंत सुरक्षित ते लिहून देतात आणि गरज असेल तिथे आवरण घालतात.

आणि नव्या नव्या पदार्थांच्या बातम्या?

हल्ली पानं सुटावीत तसे एकेक अणुथर सुटे होणारे चुंबक चर्चेत असतात. क्रोमियम ट्राय-आयोडाइडचा एकच थर चुंबक राहतो हे २०१७ मध्ये कळलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या दोन थरांचे बाण एकमेकांशी जुळते की विरुद्ध हे व्होल्टेजने बदलून दाखवलं. विज्ञान म्हणून अफलातून. पण हे चालतं उणे २२० अंश सेल्सिअसच्याही खाली, आणि ही ओळ बातमीत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असते किंवा नसतेच. अशी बातमी आली की मी आधी तापमान शोधतो, मग बाहेरचा चुंबक लावला होता का ते बघतो, आणि मग एकच बिट उलटला की कोटी कोटी.

मग माझ्या फोनची रॅम कधी बदलणार?

लगेच तरी नाही. बिट वाचताना दोन अवस्थांच्या रोधात दुप्पट-तिप्पट एवढाच फरक असतो, तर ट्रान्झिस्टर चालू आणि बंद ह्यात हजारो-लाखो पट. तेवढ्या तोकड्या फरकावर कोटी कोटी बिट न चुकता ओळखायला वाचणारी सर्किट चांगली नाजूक लागतात. लिहायला वीजही रॅमपेक्षा जास्त खाते, आणि दाटीवाटीत रॅमच्या बारक्या टाक्या अजून पुढे आहेत. एमरॅम खरी घुसली आहे ती दुसरीकडे, मशीनमध्ये दडलेल्या छोट्या कंट्रोलर चिपमध्ये, जिथे आधी फ्लॅश मेमरी असायची. फ्लॅशला लिहायला मोठं व्होल्टेज लागतं, ती सावकाश लिहिते आणि चिप बनवण्याची बारकाई २८ नॅनोमीटर म्हणतात त्या टप्प्याच्या पुढे गेली की ती चिपच्या आत बसवणं अवघड होत जातं. सॅमसंगने २०१९ मध्ये ह्याच २८ नॅनोमीटरच्या टप्प्यावर चिपमध्येच बसणारी एमरॅम बनवून विकायला सुरुवात केली. पुढचा डोळा कॅशवर, म्हणजे सारखी लागणारी माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या अगदी जवळच्या मेमरीवर आहे, आणि तिथे टेकडी थोडी बुटकी चालते, कारण कॅशमधली माहिती दहा वर्षं कोणालाच नको असते.